वृद्धाश्रमातील आरोग्य मेळावा

वृद्धाश्रमातील निवासी ज्येष्ठांची आणि परिसरातील वृद्धांची एकाच ठिकाणी प्राथमिक तपासणी करणारा आरोग्य मेळावा नांदेड-लातूर भागात हिवाळ्यात घेणे इष्ट, कारण एप्रिल-मेच्या उन्हात वृद्धांना ताटकळत ठेवणे हाच एक धोका असतो. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये असल्याने पुढील उपचारांसाठी फार दूर जावे लागत नाही.

शिबिरांत रक्तातील साखर हमखास तपासली जाते. मात्र वृद्धांचा खरा घात करणारे पडणे दुर्लक्षित राहते. त्याचा धोका ओळखण्यासाठी रक्तदाब आडवे झोपवून मोजल्यावर, उभे राहिल्यापासून ३ मिनिटांच्या आत पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा अधिकने उतरला, तर त्यास स्थितिजन्य अल्परक्तदाब म्हणतात, ज्यामुळे भोवळ येते. खुर्चीतून उठून ३ मीटर चालून परत बसण्यास १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास तोल कमकुवत समजावा. या चाचणीला घड्याळ पुरते.

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान योजनेतून कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. या योजनेचे कार्ड मेळाव्यातच काढून द्यावे, आणि शेतकामाने बोटांचे ठसे झिजलेल्यांसाठी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय ठेवावी.