चिनी दुकानात मोदकाची पिठी

पॅरिसच्या दक्षिण टोकाला सिते युनिव्हर्सितेर नावाची विद्यार्थ्यांची मोठी वसाहत आहे. माझी भाची ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस तेथे राहावयास गेली आणि सामान लावून होते न होते तोच गणपती आले. त्या वर्षी चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. कामानिमित्त मीही त्याच सुमारास पॅरिसमध्ये होतो. डोंबिवलीहून ताईचा रोज फोन येई आणि विषय एकच : नैवेद्याचे काय? युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत. डिसेंबर २०१९ पासून बहुतेक ताज्या भाज्यांना व पानांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. त्यामुळे पेढे आणि हळदीची पाने दोन्ही घरीच राहिली होती.

पॅरिसमध्ये भारतीय वाणसामान मिळत नाही, असे नव्हे. उत्तरेकडे ला शापेल भागात तामिळ दुकानदारांची रांगच आहे. पण ते शहराचे दुसरे टोक. वसाहतीच्या दारातून सुटणारी ट्राम मात्र काही थांब्यांतच तेराव्या विभागातील चिनी वस्तीपाशी नेऊन सोडते. ‘मामा, आधी इथेच बघू या,’ असे भाची म्हणाली आणि आम्ही आव्हेन्यू द इव्रीवरील एका मोठ्या दुकानात शिरलो.

या वस्तीला चिनी म्हणतात, पण ते अर्धेच खरे. १९७५ नंतर व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओसमधून जे निर्वासित फ्रान्समध्ये आले, त्यांतील पुष्कळजण वंशाने चिनी होते. सत्तरच्या दशकात येथे उभारलेल्या उंच इमारतींतून त्यांनी बस्तान बसविले. येथील प्रसिद्ध दुकान काढणारे तांग बंधूही लाओसचेच. ही मंडळी उष्ण, पावसाळी मुलखातून आलेली. तेव्हा त्यांच्या परसात जे उगवे, ते आपल्याही परसात उगवते. मराठी माणसाला चिनी दुकानात ओळखीचे चेहरे भेटतात, ते यामुळे.

आणि किती भेटतात! मधोमध तांबडी छटा असलेला माठ, मायाळू, शिरांचा दोडका, हातभर लांब चवळीच्या शेंगा, कोहळा, अळकुड्या. कारले फिकट व गुळगुळीत, जणू खवले तासून काढलेले. कोथिंबिरीला चिनी भाषेत ‘शियांग त्साय’ म्हणजे सुगंधी भाजी म्हणतात आणि तिच्या जुड्या आपल्या मंडईसारख्याच रचलेल्या. सोललेली मूगडाळ, चिंच, सोडे आणि सुकट हेही हाताशी.

मसाल्यांच्या मांडणीपाशी तर मी बराच वेळ रेंगाळलो. गोड्या मसाल्यात जे बाद्यान किंवा चक्रीफूल पडते, त्याचे झाड मुळात दक्षिण चीन व उत्तर व्हिएतनामचे. पाहुणा तेथे नव्हे, आपल्याकडे आहे. शेजारी तांबूस, उकललेल्या फळांचे पाकीट होते. वास घेताच कोकणातले बांगड्याचे कालवण आठवले. ‘हुआज्याव’ नावाचा हा सिचुआनचा मसाला आपल्या तिरफळाच्याच कुळातला, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच प्रजातीसमूहातील भाऊबंद. दोन्हींच्या बिया टाकून देतात व साल वापरतात. दोन्हींनी जीभ झिणझिणते. मालवणी घरात तिरफळे संपली तर हे चालेल, अर्थात स्वाद थोडा निराळा.

मात्र ओळखीचा चेहरा काही वेळा फसवतो. साबुदाण्यासारखे दिसणारे पांढरे मोती उकळत्या पाण्यात शिजवून दुधात घालण्यासाठी असतात. खिचडीसाठी रात्रभर भिजत घातले, तर सकाळी पातेल्यात लगदा मिळण्याची भीती. शिंगाड्याचे पीठ म्हणून उचललेले पाकीटही बहुधा वेगळ्याच पाणकंदाचे निघते. उपासाला ते चालवायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आम्हीही फसलो, तेही नेमके मोदकाच्या पिठीत. तीन तोंडांच्या हत्तीचे चित्र असलेली थायलंडची तांदळाची पिठी तेथे लाल व हिरव्या अशा दोन रंगांच्या पाकिटांत होती. भाचीने हिरवे उचलले. रात्री वसाहतीच्या सामाईक स्वयंपाकघरात उकड काढली, ती हाताला सोडेना. कळ्या पडल्या खऱ्या, पण वाफ लागताच मोदक बसले आणि एकमेकांना बिलगून त्यांची एक मोठी पोळी झाली. भाचीचा चेहरा पाहवेना. ताईला त्या रात्री फोन केला नाही.

कारण साधे आहे. तांदळाच्या पिष्टात दोन घटक असतात, अमायलोज व अमायलोपेक्टिन. आपल्या नेहमीच्या तांदळात दोन्ही असतात. पहिल्यामुळे उकड थंड होताना घट्ट होते व आकार धरते. हिरव्या पाकिटातील पिठी चिकट तांदळाची, त्यात अमायलोज जवळजवळ नसतेच. असे पीठ वाफेवर ताणते, पसरते. चिनी लोकांना त्यांच्या गोड गोळ्यांसाठी हाच गुण हवा असतो. गंमत अशी की, साध्या पिठीच्या चिनी नावातील पहिल्या अक्षराचाच एक अर्थ ‘चिकट’ असा होतो! तेव्हा चिनी वाचता येणाऱ्या मित्राला विचारूनही घोटाळा होऊ शकतो. रंग लक्षात ठेवावा : मोदकाला लाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ट्राम पकडली. लाल पाकीट, गोठवलेला खवलेला नारळ आणि उसाच्या साखरेच्या तपकिरी वड्या घेतल्या. या वड्या किसून नारळात घातल्या की, सारण गुळासारखेच खमंग होते. रंग किंचित फिका. हळदीच्या पानांऐवजी गोठवलेली केळीची पाने चाळणीत अंथरली. हिंग, मोहरी, मेथीदाणे, आमसुले यांपैकी काहीच त्या दुकानात मिळाले नाही. वरण-भाताच्या फोडणीसाठी भाचीने शेजारच्या खोलीतील एका तेलुगू मुलीकडून मोहरी मागून आणली.

दुपारी एकच्या सुमारास अकरा मोदक चाळणीतून आख्खे उतरले. एकवीसचा बेत होता, पण नारळ पुरला नाही. फोनवर ताईने ते एकेक करून मोजले आणि विचारले, ‘कळ्या तू पाडल्यास की मामाने?’