अष्ठीला ग्रंथी कर्करोग : चिकित्सक मंडळ

पुरुषाच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाच्या आरंभीच्या भागाभोवती असणाऱ्या अष्ठीला अथवा प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील उपचार संयुक्तपणे ठरविणाऱ्या तज्ज्ञांच्या गटास चिकित्सक मंडळ म्हणतात. मूत्ररोग शल्यचिकित्सक, प्रारण चिकित्सा करणारा व औषधे देणारा असे दोन कर्करोगतज्ज्ञ, विकृतिवैज्ञानिक आणि क्ष-किरणतज्ज्ञ यांचा त्यात सामान्यतः समावेश होतो. उतारवयात लघवीच्या तक्रारी उद्‌भवल्यावर रुग्ण प्रथम शल्यचिकित्सकाकडे जात असल्याने निदान बहुधा त्याच्याकडेच होते. पूर्वी शस्त्रक्रिया व हॉर्मोन चिकित्सा निष्प्रभ झाल्यावरच कर्करोगतज्ज्ञाला पाचारण करीत. आता मात्र निदान निश्चित झाल्यावर, पहिला उपचार सुरू होण्यापूर्वीच त्याचा सल्ला घेणे इष्ट मानले जाते.

पूर्वपीठिका : या ग्रंथीचा कर्करोग पुरुष हॉर्मोनावर पोसला जातो आणि वृषणे काढल्यास तो ओसरतो, हे चार्ल्स हगिन्स व क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये दाखविले. हगिन्स यांना या कार्याबद्दल १९६६ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. त्यानंतर अनेक दशके हाडांपर्यंत पसरलेल्या रोगावर वृषणोच्छेदन अथवा तत्सम परिणाम करणारी औषधे हाच मुख्य उपाय होता आणि तो शल्यचिकित्सकाच्या हाती होता. काही काळाने रोग या उपायाला दाद देईनासा होतो. अशा अवस्थेतही डोसेटॅक्सेल हे औषध आयुष्य वाढविते, असे २००४ मध्ये सिद्ध झाले. हेच औषध हॉर्मोन चिकित्सेच्या आरंभीच्या चार महिन्यांत सुरू केल्यास काय होते, हे अमेरिकेतील एका चाचणीत पाहण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार मध्यक आयुर्मान ४४ महिन्यांवरून ५७.६ महिन्यांवर गेले. रोगाचा फैलाव अधिक असणाऱ्यांना हा लाभ विशेष झाला. ॲबिरॅटेरोन या औषधाबाबत २०१७ मध्ये असेच निष्कर्ष हाती आले. अखेरची मानलेली चिकित्सा अशा रीतीने आरंभीची ठरली. केवळ वृषणोच्छेदन करून रुग्णास घरी पाठविल्यास ही संधी निसटू शकते.

सीमित रोग : रोग ग्रंथीपुरताच मर्यादित असल्यास देखरेख, शस्त्रक्रिया व प्रारण चिकित्सा असे तीन पर्याय असतात. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांवर झालेल्या चाचणीत १५ वर्षांनंतर या रोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण तिन्ही गटांत सुमारे ३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच आढळले. दुष्परिणाम मात्र भिन्न असतात. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरील ताबा सुटण्याची, तर प्रारणानंतर गुदांत्राचे विकार होण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे शल्यचिकित्सक व प्रारणतज्ज्ञ या दोघांचेही म्हणणे ऐकून रुग्णाने निर्णय घेणे योग्य होय. अधिक धोक्याच्या रोगात प्रारणाचे क्षेत्र किती असावे, हाही तज्ज्ञाच्या निर्णयाचा भाग असतो. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील २२४ रुग्णांच्या चाचणीत ग्रंथीबरोबर श्रोणीतील लसीका ग्रंथींनाही प्रारण दिल्यावर पाच वर्षांपर्यंत रोग पुन्हा न उद्‌भवलेल्यांचे प्रमाण ८१.२ टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेले (२०२१).

हॉर्मोन चिकित्सा सुरू होताच रक्तातील अष्ठीला-विशिष्ट प्रतिजन, म्हणजे पीएसए, घटते व ग्रंथी आकसते. मूळ रोग किती पसरला होता हे मग नीट ठरविता येत नाही. म्हणून पीएसए, जीवोतक परीक्षा व हाडांची तपासणी आधी करून घेतात. पाय लुळे पडू लागणे अथवा लघवी अकस्मात अडणे यांसह तीव्र पाठदुखी असल्यास मात्र मज्जारज्जूवर दाब आल्याचा संशय घेऊन तातडीने उपचार करावे लागतात.

ग्रामीण भागातील स्थिती : मोठ्या शहरात हे मंडळ एकाच रुग्णालयात असते, अन्यत्र ते विखुरलेले असते. बीड शहराच्या दक्षिणेस सुमारे २० किमी.वर, धुळे–सोलापूर महामार्गावर वसलेले मांजरसुंबा हे याचे चांगले उदाहरण होय. उत्तरेकडील रस्ता बीडच्या जिल्हा रुग्णालयाकडे व पुढे छत्रपती संभाजीनगर येथे २०१२ मध्ये सुरू झालेल्या शासकीय कर्करोग रुग्णालयाकडे नेतो. पूर्वेकडील रस्ता केजमार्गे अंबेजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे जातो. दक्षिणेस, धाराशिवच्या वाटेवरून बार्शीकडे वळता येते. तेथे १९८७ मध्ये ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही सुरू झाली.

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात पुरुषांमधील सर्व प्रकारच्या कर्करोगांचे वयसमायोजित प्रमाण उस्मानाबाद व बीड या जिल्ह्यांत देशातील नोंदवह्यांमध्ये सर्वांत कमी, म्हणजे लाखामागे ३९.५ होते. परंतु रुग्ण कमी व विखुरलेले असले, की तज्ज्ञ व यंत्रसामग्री दूरच्या शहरांत एकवटते आणि प्रवासाचा भार रुग्णावर पडतो. प्रारण चिकित्सा बहुधा कित्येक आठवडे रोज घ्यावी लागत असल्याने शहरात मुक्काम अपरिहार्य ठरतो. डोसेटॅक्सेल दर तीन आठवड्यांनी, साधारणतः सहा वेळा देतात. मधल्या रक्ततपासण्या जवळच्या रुग्णालयात होऊ शकतात. या काळात ताप आल्यास त्याच दिवशी उपचार घेणे आवश्यक असते. खर्चाच्या बाबतीत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळतो.

अशा विखुरलेल्या मंडळास सांधणारा दुवा म्हणजे रुग्णाची कागदपत्रे होत. पीएसएच्या तारीखवार नोंदी, जीवोतक परीक्षेचा अहवाल व काचपट्ट्या, प्रतिमा आणि दिलेल्या औषधांची यादी सोबत असल्यास कर्करोगतज्ज्ञास पहिल्याच भेटीत निर्णय घेता येतो. पुढील उपचार कोणी, कोठे व केव्हा करावयाचे याची लेखी योजना त्याने स्थानिक डॉक्टरकडे पाठविल्यास दूर अंतरावरील तज्ज्ञांचेही एक मंडळ बनते.