विश्लेषण : महागडे रेसिंग स्टीअरिंग प्रत्येक कन्सोलवर का चालत नाही?

‘ग्रॅन टुरिस्मो ७’ किंवा ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’सारखे गेम स्टीअरिंगवर खेळण्याची हौस अनेकांना असते. मात्र स्टीअरिंग महाग आहे म्हणून ते घरातल्या कन्सोलवर चालेलच, असे नाही. खरेदीत सर्वाधिक पैसे वाया जातात ते इथेच.

फोर्स फीडबॅक म्हणजे काय?

साधा कंट्रोलर हातात थरथरतो. फोर्स फीडबॅक स्टीअरिंगमधील मोटर मात्र खेळणाऱ्याच्या हाताविरुद्ध जोर लावते. टायरवर भार किती, पकड किती उरली, याचा हिशेब गेम सतत करतो आणि त्यानुसार मोटरला आदेश देतो. वळणावर स्टीअरिंग जड होते. पुढची चाके घसरू लागली की ते हलके पडते. गाडी हाताबाहेर जाण्याआधीच हा इशारा मिळतो.

‘डायरेक्ट ड्राइव्ह’ वेगळे कसे?

लॉजिटेक जी२९मध्ये मोटरचा जोर गिअरमधून, तर थ्रस्टमास्टर टी३००मध्ये पट्ट्यातून येतो. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये स्टीअरिंग थेट मोटरच्या दांड्यावर बसते. त्यामुळे रस्त्याचे बारीक धक्केही स्पष्ट जाणवतात. ही ताकद न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. फॅनाटेकच्या जीटी डीडी प्रोची ताकद ५, तर जादा क्षमतेच्या वीजपुरवठा संचासह ८ न्यूटन-मीटर आहे. लॉजिटेक जी प्रोची ११ आहे. ३० सेंटिमीटर व्यासाच्या स्टीअरिंगवर ८ न्यूटन-मीटर म्हणजे कडेला सुमारे साडेपाच किलो वजनाइतकी ओढ.

कन्सोलची अडचण नेमकी काय?

संगणकावर योग्य सॉफ्टवेअर टाकले की बहुतेक स्टीअरिंग चालतात. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स मात्र उपकरणाची ओळख तपासतात. त्यासाठी उपकरणात सुरक्षा चिप लागते. लॉजिटेक जी प्रोच्या दोन्ही कन्सोलसाठी वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत. फॅनाटेकमध्ये एक्सबॉक्सची ओळख हातात धरायच्या चाकात, तर प्लेस्टेशनची मोटर असलेल्या बेसमध्ये असते. म्हणजे बेस प्लेस्टेशनसाठीचा नसेल, तर चाक बदलूनही उपयोग नाही. सेकंडहँड किंवा परदेशातून मागवताना म्हणूनच नेमके मॉडेल आणि त्यावरील कन्सोलचे नाव तपासणे आवश्यक ठरते. आपला आवडता गेम त्या स्टीअरिंगला दाद देतो का, हेही पाहावे लागते.

जास्त ताकद म्हणजे जास्त वेग?

तसे नाही. गेमने मागितलेला जोर मोटरच्या मर्यादेपलीकडे गेला, की सगळे धक्के सारखेच वाटू लागतात. याला ‘क्लिपिंग’ म्हणतात. मोठी मोटर हे टाळते, पण पूर्ण ताकदीवर खेळल्यास हात लवकर थकतात. सुरुवात कमी जोरावर करून तो हळूहळू वाढवणे उत्तम. गेममध्ये गाडी आदळल्यास स्टीअरिंग झटक्यात फिरते. त्या वेळी आऱ्यांमध्ये अडकवलेला अंगठा दुखावू शकतो.

आणखी खर्च कोणता?

इतका जोर डुगडुगत्या टेबलाला पेलत नाही. भक्कम स्टँड किंवा आसनासह रिग लागते. ब्रेकही महत्त्वाचा. लोड सेल ब्रेक पेडल किती खाली गेले यापेक्षा पायाचा दाब मोजतो. त्यामुळे प्रत्येक वळणावर तेवढेच ब्रेक लावणे सोपे जाते. म्हणून खरेदीचा क्रम आधी कन्सोल, मग बसवण्याची सोय आणि पेडल, शेवटी मोटरची ताकद असा असलेला बरा.