वळणाआधी वळणारा उजेड

सावनेर मागे पडतं, सौंसरकडच्या संत्र्याच्या बागा अंधारात बुडतात आणि रामाकोन्यानंतर सिल्लेवानी घाट सुरू होतो. नागपूरहून छिंदवाड्याला रात्रीचं गेलेल्या माणसाला हा अनुभव ठाऊक असतो: गाडी डावीकडे वळतेय आणि हेडलाइटचा झोत मात्र समोरच्या झाडांवर. जिथे रस्ता आहे, नेमका तिथेच काळोख.

प्रकाश सरळ जातो, रस्ता वळतो. हिशेब मांडून पाहा. वळणाची त्रिज्या 100 मीटर असेल, तर 40 मीटर पुढचा रस्ता आपल्या नाकासमोरच्या रेषेपासून 8 मीटर बाजूला गेलेला असतो. म्हणजे साध्या दुपदरी रस्त्याच्या रुंदीहूनही जास्त! आणि ताशी 40च्या वेगातही तिथे पोचायला चार सेकंद लागत नाहीत. पूर्वी बैलबंडीखाली टांगलेला कंदील मिणमिणायचा, पण चहूबाजूंनी. शिवाय वळण बैलांना पाठ असायचं. आपण उजेड प्रखर केला, लांब फेकला, तसा तो एकाच दिशेचा होऊन बसला.

मग दिवाच वळवला तर? 1948च्या अमेरिकन टकर गाडीला मधोमध तिसरा दिवा होता. स्टिअरिंग 10 अंशांपलीकडे गेलं की तो वळणाच्या बाजूला बघू लागे. 1967 साली फ्रान्सच्या सित्रोएन डीएसमध्ये आतले दोन दिवे चक्क तारांनी स्टिअरिंगला जोडलेले होते. ना सेन्सर, ना संगणक. हात वळला की उजेड वळला!

आता काही गाड्यांत स्टिअरिंग किती फिरलं, गाडी किती वेगात आहे हे संगणक क्षणोक्षणी वाचतो आणि दिव्यामागची चिमुकली मोटर झोत साधारण 15 अंशांपर्यंत आत वळवते. एवढंच? पण आपल्या हिशेबातला तो 8 मीटर सरकलेला रस्ता गाठायला साडेअकरा अंशच पुरतात. मनगटाच्या जराशा हालचालीएवढा कोन, आणि अख्खं वळण उजळतं.

जंगलातल्या घाटात तर याचं मोल फार मोठं. चितळाच्या, रानमांजराच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो. आत शिरलेला उजेड तो परत फेकतो. पण आधी उजेड त्या डोळ्यांपर्यंत पोचायला हवा. झोत वेळेवर वळला, तर वळणापलीकडे, रस्त्याच्या कडेला दोन ठिपके लखलखतात आणि ब्रेकवर पाय ठेवायला अजून रस्ता शिल्लक असतो.