रानकुत्र्यांमधील ध्वनिसंप्रेषण : शिळेचे स्वरूप व महत्त्व

महाराष्ट्रात कोळसून, कोळसिंदा या नावांनीही परिचित असलेला रानकुत्रा (कुओन अल्पिनस) हा कळपाने शिकार करणारा प्राणी आहे. तो लांडग्याप्रमाणे दीर्घ हेल काढून ओरडत नाही. त्याचा वैशिष्ट्यपूर्ण आवाज म्हणजे शीळ होय. दाट झाडोऱ्यात पाठलाग करताना कळप विखुरला जातो व दृष्टीचा उपयोग मर्यादित ठरतो. अशा वेळी पुनःपुन्हा घातलेल्या शिळेमुळे पांगलेले सदस्य एकत्र येतात. अन्नाची याचना करताना कुंई-कुंई, इशारा देताना गुरगुर, तर धोक्याच्या वेळी किंचाळी असे प्रसंगानुरूप अन्य ध्वनीही आढळतात.

प्रत्येक रानकुत्र्याची शीळ भिन्न असल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. त्यानंतर रशियन संशोधकांनी बंदिस्त रानकुत्र्यांच्या ध्वनिमुद्रणांचे विश्लेषण केले. हा प्राणी एकाच वेळी खालच्या व वरच्या पट्टीतील दोन स्वर काढू शकतो आणि त्यामुळे व्यक्तिगत ओळख अधिक स्पष्ट होते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

या निष्कर्षांना संवर्धनाच्या दृष्टीने मोल आहे. ब्रिटिश काळात उपद्रवी ठरवून बक्षिसे देऊन मारल्या गेलेल्या या प्राण्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले. तथापि २०१५ च्या जागतिक मूल्यांकनानुसार प्रौढ प्रजननक्षम प्राण्यांची संख्या ९४९ ते २,२१५ इतकीच होती. वाघाप्रमाणे अंगावर पट्टे नसल्याने रानकुत्र्यांची गणना अवघड ठरते. जी ओळख कातडी देत नाही, ती आवाजातून मिळण्याची शक्यता येथे दिसते.