अस्थानी भय

लोकलच्या गर्दीत शेजारी उभा असलेला एखादा इसम आपल्या नकळत बँकेच्या कार्डातील पैसे ओढून घेईल, या धास्तीने जो गृहस्थ ते कार्ड धातूच्या पाकिटात जपून ठेवतो, तोच कचेरीच्या दाराचे कार्ड मात्र निःशंकपणे गळ्यात मिरवतो. आणि या दोहोंची अंतर्रचना पाहिली असता त्याच्या भीतीचा क्रम नेमका उलटा आहे, असे म्हणणे भाग पडते.

अशा कार्डात बारीकशी बॅटरी असावी, ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. कार्डाच्या पोटात तारेचे वेटोळे आणि एक चिप याखेरीज फारसे काही नसते. दाराजवळचा रीडर जे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो त्यायोगे वेटोळ्यात वीज उत्पन्न होते आणि त्या उसन्या शक्तीवर चिप आपले उत्तर देते. हे क्षेत्र अंतरागणिक झपाट्याने क्षीण होत असल्याने, १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या बँकेच्या कार्डाचा संवाद सामान्यतः काही सेंटिमीटरांतच आटोपतो.

कचेरीच्या कार्डात आपले नाव, हुद्दा आणि हजेरी साठवलेली असते, असेही पुष्कळांस वाटते. वस्तुतः १२५ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या जुन्या धर्तीच्या प्रॉक्सिमिटी कार्डात केवळ एक क्रमांक असतो. त्याच्या सर्वाधिक रूढ रचनेत अवघे २६ बिट येतात: ८ संस्थेच्या संकेताचे, १६ कार्डाच्या अनुक्रमाचे आणि २ चूक पडताळण्याचे. बाकीचा तपशील कचेरीच्या संगणकाच्या दप्तरी. हा क्रमांक विचारणारा कोण, याची कसलीही खातरजमा न करता कार्ड तो उघडपणे सांगून टाकते. सबब बाजारात सहज मिळणाऱ्या स्वस्त उपकरणाने त्याची हुबेहूब नक्कल क्षणार्धात होते.

बँकेचे स्मार्ट कार्ड हे याउलट एक चिमुकला संगणकच होय. त्यातील गुप्त किल्ली चिपबाहेर कधीच येत नाही; प्रत्येक व्यवहारापुरता तिच्या आधारे नवा संकेत तयार होतो, आणि आज ऐकलेला संकेत उद्या निरुपयोगी ठरतो. कार्डाचा क्रमांक व मुदत अगदी जवळून वाचता येते हे खरे, परंतु तेवढ्यावरून कार्डाची चालती नक्कल होत नाही. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने पिनविना व्यवहाराची कमाल मर्यादा ५,००० रुपये ठेवली असून, ही सोय बंद करण्याची मुभाही खातेदारास आहे.

तथापि चिप दिसली की निर्धास्त व्हावे, हाही भ्रमच. १९९४ साली निघालेल्या मायफेअर क्लासिक कार्डाचे संरक्षण ४८ बिटांच्या किल्लीवर आणि गुप्त राखलेल्या गणिती पद्धतीवर विसंबून होते. नेदरलँड्समधील नायमेखनच्या राडबाउड विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली ते भेदून दाखवले. उत्पादक कंपनीने त्यांच्या निबंधाचे प्रकाशन रोखण्यासाठी न्यायालयात धाव घेतली, पण न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला, आणि माझ्या मते योग्यच केले.

राहता राहिली चुंबकाची भीती: ती मागील काळ्या पट्टीपुरती खरी आहे, चिपला तिची बाधा नाही.

तेव्हा दाराचे कार्ड हरवल्यास, बँकेच्या कार्डाप्रमाणेच, त्याच दिवशी कचेरीस कळवून ते रद्द करून घ्यावे; आणि सोसायटीच्या फाटकासाठी नवी कार्डे घेण्याची दरखास्त पुढे येईल, तेव्हा ती नुसता क्रमांक सांगणारी आहेत की किल्ली राखणारी, हे सभासदांनी विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यावे.