पाणीकपात केव्हा सुरू करावी?

तलावात पाणी दिसत असताना महापालिकेने कपात जाहीर केली, की लोक चिडतात. ‘साठा आहे, मग आत्ताच कपात कशाला?’ हा प्रश्न वर्गातही विचारला जातो. त्याचे उत्तर शेकडेवारीच्या साध्या गणितात आहे.

मुंबईचे उदाहरण घेऊ. अप्पर वैतरणा, मोडकसागर, मध्य वैतरणा, तानसा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांतून शहराला पाणी मिळते. सातही भरले, तर उपयुक्त साठा सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर होतो. हे पाणी चार महिन्यांत येते आणि वर्षभर पुरवावे लागते. म्हणून १ ऑक्टोबरचा साठा महत्त्वाचा. तो पुढच्या ३१ जुलैपर्यंत पुरावा, असा हिशेब धरतात. जुलैअखेर का? कारण पाऊस लांबू शकतो, आणि पहिल्या सरींचे बरेचसे पाणी कोरडी जमीनच पिऊन टाकते.

१ ऑक्टोबर ते ३१ जुलै हे ३०४ दिवस होतात. समजा, साठा गरजेपेक्षा १० टक्के कमी आहे. म्हणजे सुमारे ३० दिवसांच्या पाण्याची तूट. बाष्पीभवन सोयीसाठी बाजूला ठेवू. ही तूट ३०४ दिवसांवर वाटली, तर १० टक्के कपात पुरते. १ एप्रिलपर्यंत थांबलो, तर उरतात १२२ दिवस; आता कपात २५ टक्के करावी लागेल. १ जूनपर्यंत थांबलो, तर ६१ दिवसांसाठी ५० टक्के! तूट तीच; ती सोसायचे दिवस मात्र कमी झाले.

मग दरवर्षी ऑक्टोबरातच कपात का करू नये? कारण पाऊस वेळेवर आला, तर लोकांनी सोसलेला त्रास वाया जातो, आणि पुढच्या वेळी इशाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. २०२४ साली मुंबईत ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात झाली. तलावांत पाणी वाढल्यावर २९ जुलैला ती मागे घेतली गेली. उशिरा उचललेले पाऊल त्या वर्षी पावसाने सावरले. दर वर्षी तो सावरेलच असे नाही. म्हणून ‘अमुक तारखेला अमुक साठा असेल, तर अमुक कपात’ हे कोष्टक टंचाईपूर्वी, शांत डोक्याने ठरवून जाहीर करणे श्रेयस्कर.

कागदावरची १० टक्के कपात मात्र सर्वांना सारखी पडत नाही. पुरवठ्याची वेळ किंवा दाब कमी केला, की नळाच्या शेवटच्या टोकाला आणि टेकडीवरच्या वस्तीला पाणी पोचणेच अवघड होते. मोठी टाकी असलेल्या इमारतीला ती कपात जाणवतही नाही. हंड्यावर भागवणाऱ्या घराला मात्र त्या दिवशी पाणीच नसते. शिवाय रिकाम्या, गळक्या नळांत आजूबाजूचे सांडपाणी शिरण्याचा धोका असतो. तेव्हा किती कपात, याबरोबरच कोणाची कपात, हेही त्या कोष्टकात हवे. पिण्याचे पाणी शेवटपर्यंत राखून जलतरण तलाव, बागा, गाड्या धुणे यांचे पाणी आधी तोडावे, आणि टोकाच्या वस्त्यांना टँकर कोण देणार हेही लिहून ठेवावे.

विद्यार्थ्यांना आपल्या गावच्या धरणाचा साठा दर आठवड्याला वर्तमानपत्रातून नोंदवायला सांगा. आलेख काढला, की कपात केव्हा सुरू करावी, हे ते स्वतःच सांगतील.